रात्रीचा घास

‘स्वतः खाते’ अशी खात्री देऊन दुकानदाराने कॉकाटील पक्ष्याचे जे पिल्लू आमच्या हवाली केले, ते गेले दोन दिवस वाटीतले राळ्याचे दाणे चोचीत धरून नुसते घोळविते, सोलल्यावाचून टाकून देते आणि मी जवळ गेलो की, पंख किंचित पसरून, मान खालीवर हलवीत, अखंड करुण स्वर काढते. या याचनेत भुकेची कैफियत होती, हे मला आज सकाळी तराजूवरून कळले. कालचे 78 ग्रॅम आज 74 वर आले होते. माझ्या मनाला फार लागले.

मग पिल्लांसाठीच्या तयार पिठाची पातळ पेज केली आणि ती 40 अंशांच्या आसपास असल्याचे तापमापकाने पाहून (अधिक उष्ण झाल्यास गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाल्यास अन्न तेथेच साचून आंबते) चमच्याने हळूहळू भरविली. पिशवी फुगत गेली तसतसा तो स्वर मंदावला, आणि तळहातावर तो चिमुकला, उबदार भार निश्चिंतपणे विसावला.

ही जात साधारणतः सहा ते दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागते. ह्याला अधिक मुदत लागली तरी चालेल. वाटीत राळे आणि मोड आलेले मूग राहतीलच, परंतु रात्रीचा घास ते आपण होऊन नाकारीपर्यंत मी बंद करणार नाही.