सीटखालचा गंज

गाडी घेतली गुढीपाडव्याला आणि गंज सापडला श्रावणात. तोही बाहेर नाही, आत. लेकीची पेन्सिल पुढच्या डाव्या सीटखाली घरंगळली म्हणून मी हात घातला, तर बोटांना तांबूस भुकटी लागली. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. सीट जिच्यावर मागेपुढे सरकते ती रेल कडेने लाल झाली होती आणि तिला तळाशी जखडणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर गंजाचे फोड आले होते. नाशिकला ना समुद्र, ना खारा वारा. गाडी कधी पुराच्या पाण्यातही गेलेली नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराने उभ्याउभ्याच निकाल दिला. "मॅडम, हे नॉर्मल आहे. पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना येतं. काळा स्प्रे मारून देतो, दिसणार नाही."

ते 'दिसणार नाही' मला खटकलं. स्प्रे नको, आधी जॉबकार्डवर तक्रार लिहा, असं म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. नॉर्मल असेल तर 'नॉर्मल' असंच लिहून सही करा, म्हटलं. ते काही तो लिहीना. फक्त तक्रार नोंदवून, फोटो काढून मी घरी आले.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची हयात सातपूरच्या प्लेटिंग शॉपमध्ये गेली. संध्याकाळी ते पार्किंगमध्ये आले. त्यांनी समजावलं ते असं : गाडीचा सांगाडा फॉस्फेटिंग करून अख्खाच्या अख्खा रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या जोरावर रंग सांदीकोपऱ्यांत पोहोचवतात. कारखान्यातली माणसं त्याला सीईडी म्हणतात. सीटची चौकट, रेल, बोल्ट मात्र वेगवेगळ्या व्हेंडरांकडून तयार होऊन येतात. कुणावर जस्ताचा थर, कुणावर पावडर कोटिंग, आणि घासणाऱ्या जागी नुसतं ग्रीस. तिथे थोडाफार वरवरचा गंज धरू शकतो. म्हणजे सल्लागार अगदीच खोटं बोलत नव्हता.

"पण ताई, दोन्ही सीट एकाच मालाच्या. मग ड्रायव्हरची रेल कोरी कशी?" काकांनी विचारलं.

त्यांनी डावीकडची रबरी मॅट उचलली आणि कार्पेटवर तळहात दाबून धरला. वरून कोरडं वाटणारं कार्पेट दाबल्यावर ओल सोडत होतं. कडेने वर्तमानपत्राची घडी सरकवली, ती भिजून बाहेर आली. गाडीत येणारा कुबट वास आम्ही इतके दिवस ओल्या छत्र्यांच्या नावावर खपवत होतो.

मग काकांनी गाडी कोरड्या फरशीवर घ्यायला लावून एसी सुरू करवला. दमट हवेत एसीच्या कॉइलवर पाणी धरतं आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकायला हवं. बराच वेळ झाला तरी फरशीवर थेंब नाही. ते पाणी आतच कुठेतरी उतरत होतं. नोकरीनिमित्त माझं इगतपुरीला येणं-जाणं असतं. त्या धुक्यापावसात काच धूसर होते, म्हणून एसी अखंड चालू. जितकी हवा दमट, तितकं पाणी जास्त, आणि कार्पेटखालचं जाड नमदं ते स्पंजासारखं पीत राहिलं.

वॉरंटीचं पुस्तक उघडलं तर त्यात वेगळीच मेख. गंजाची हमी होती, पण पत्रा आरपार सडून भोक पडलं तरच. वरवरचा गंज त्यात बसत नव्हता. म्हणून ईमेल लिहिताना गंजावर भर दिलाच नाही. एसीचं पाणी आत येतंय, हा जोडणीतला दोष आहे आणि रेल गंजली ती त्यामुळे, असं फोटो जोडून लिहिलं.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे नियमही वाचून ठेवले होते. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि 10 ते 20 लाखांच्या वस्तूसाठी शुल्क फक्त 400 रुपये. ती वेळ आली नाही. मॅनेजरने गाडी बोलावून घेतली.

सीट मी समोर उभं राहून काढून घेतल्या. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, त्यामुळे बॅटरी सोडवूनच हात घालावा लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजचं हे काम नव्हे. कार्पेट उलटलं तेव्हा काकांचं म्हणणं पटलं. पाणी मुरूनही तळाचा पत्रा शाबूत होता, फक्त बोल्टभोवती डाग. एसीची नळी तिच्या रबरी बुचातून निसटून लोंबत होती. नळी बसवली, नमदं काढून वाळवलं, रेल आणि बोल्ट वॉरंटीत बदलले. हे सगळं जॉबकार्डवर शब्दशः लिहून घेतलं. पुढे पुन्हा ओल आली तर हाच पुरावा.

दसऱ्याला धाकट्या दिरांनी गाडी घेतली. शोरूममध्ये हार, नारळ, पेढे, फोटो. सेल्सचा मुलगा पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली घेऊन ताटकळत उभा, आणि आमचे भाऊजी नव्या शर्टात गुडघे टेकून, टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलेले. "वहिनी, कोरडं आहे!" असा आतून आवाज आला, तेव्हा कुठे किल्ली हातात घेतली.