हात न जोडता

दारू सोडवण्यासाठी देवाला मध्ये आणणाऱ्या प्रत्येक उपायाला माझा विरोध होता, आणि त्याला कारणं होती. धाकट्या भावाला घरच्यांनी माळ घालायला लावली, ती आषाढीपासून जेमतेम दिवाळीपर्यंत टिकली. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं छापून विकली जाणारी पावडर आईने त्याच्या आमटीत घालून पाहिली. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेली बाई. त्यामुळे भाऊ जेव्हा म्हणाला, “ताई, मी ए.ए.च्या मीटिंगला जायचं म्हणतोय,” आणि या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांचा कागद त्याने माझ्यापुढे ठेवला, तेव्हा त्यातल्या ईश्वराच्या उल्लेखांशीच मी थांबले. हा आणखी एक सत्संग, असं माझं मत झालं. ते मी बोलूनही दाखवलं.

फोन करून पत्ता त्यानेच मिळवला. घराजवळच्या ग्रुपचा वार, वेळ, भाषा, सगळं एका फोनवर कळलं. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं. तशा एका ओपन मीटिंगला मी त्याच्याबरोबर गेले, ते खरं तर तपासायलाच.

शाळेचा वर्ग होता. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, खाली लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून कुणाची ओळख लागेल असं काही लिहीत नाही. एकाने आपण बाटली फ्लशच्या टाकीत कशी लपवायचो ते सांगितलं, आणि माझा भाऊ मोठ्याने हसला. कित्येक महिन्यांत त्याला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरात आम्ही सगळे त्याला एकच विचारत होतो, ‘का पितोस?’ इथे ते कुणीच विचारलं नाही. पिणं कसं असतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे भावाला सबब सांगावी लागत नव्हती, आणि सांगितली असती तरी खपली नसती.

शेवटी वर्गणीची पिशवी फिरली. मी शंभराची नोट काढली. पिशवी धरणारे काका म्हणाले, “नको ताई, तुम्ही पाहुण्या,” आणि पुढे सरकले.

माझं मत तिथे हललं. बुवाबाजी ओळखायच्या आमच्या कसोट्या ठरलेल्या आहेत: पैसा कुठे जातो, गुरू कोण, चमत्काराचा दावा काय. इथे बाहेरच्याचा पैसा घेतच नाहीत. मीटिंग चालवणारा ठरावीक काळाने बदलतो. ‘बरा झालो’ असं कुणी म्हणत नाही, ‘आज प्यायलो नाही’ एवढंच म्हणतात. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले, तिथून हे सुरू झालं. भारतात 1957 पासून आहे. आणि 1939 साली त्यांचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा सुरुवातीच्या सभासदांतल्या नास्तिकांनी हट्ट धरला होता, म्हणून ईश्वर कसा मानायचा ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं गेलं. माझा आक्षेप माझ्या जन्माआधीच त्यांच्यातल्याच कुणीतरी घेऊन झाला होता!

तरी पुरावा हवाच. 2020 मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा ए.ए.वरचा आढावा आला. त्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे नेणारे पद्धतशीर उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, बाकीच्या निकषांवर साधारण बरोबरीचे. मला हे पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही. भाऊही आधी डॉक्टरांकडे गेला, गोळ्या घेतल्या, आणि त्या संपल्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी मीटिंगने भरल्या. सहा ते नऊ हीच त्याची पिण्याची वेळ होती. मधे एकदा तो घसरला. त्या वेळी आम्ही घरात कुजबुजत बसलो, आणि ग्रुपमधल्या एकाने फोन करून एवढंच विचारलं, “उद्या येतोयस ना?” तो गेला.

सगळंच पटलंय असं नाही. बायका तिथे फार कमी दिसतात. पिणारी बाई घरातच झाकून ठेवली जाते, आणि तिला त्या वर्गापर्यंत आणायला आपण कुणीच काही करत नाही, याचा मला राग येतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी मात्र 1951 पासून अल-अनॉन आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात त्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. चळवळीतल्या माझ्या मैत्रिणींना मी आता हे पत्ते देते. काही जणी नाराज होतात. मीटिंगमधल्या प्रार्थनेचं काय, असं विचारतात. मी सांगते, सगळे उभे राहतात तेव्हा मीही उभी राहते, हात जोडत नाही, आणि मला तिथे अजून कुणी टोकलेलं नाही. माझ्या शेजारी भाऊ डोळे मिटून उभा असतो. तो काय मानतो ते मी त्याला विचारलेलं नाही.