चाऱ्यांचा शोध

आम्हां दोघांपैकी एक शिरूरला मराठी शिकवतो, दुसरा दौंडला. घोड आणि भीमेकाठच्या बोलीतील शेतीशब्दांची सूची आम्ही मिळून करत आहोत. दोन्हीकडे लिनक्सच, पण शिरूरला ग्नोम आणि आयबस, दौंडला केडीई आणि एफसीआयटीएक्स. गाभा एक, मराठी कळफलक निराळे. यालाच निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात!

सूचीत पाटाच्या 'चाऱ्या' शोधल्या, तर शिरूरच्या तेवढ्या सापडल्या. 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राला दोन निराळे शब्द. (जोडचिन्ह वाटेत गळाले तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, तो अनर्थ वेगळाच.)

विविधतेवर आमचा राग नाही; बोली गोळा करणाऱ्यांनी तो धरूही नये. पण १९६२च्या लेखननियमांनी छापील मराठीला एक वळण दिले, बोली होत्या तिथेच राहिल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे लोहित टंक रेड हॅटने २००४ साली खुले केले आणि निरनिराळ्या वितरणांनी ते सामावून घेतले. अक्षराच्या रूपाबाबत जे जमले, ते कळफलकाबाबत जमलेले नाही. तोवर प्रत्येक 'ऱ्य' आम्ही हाताने तपासतो आहोत. 'दोऱ्या' झाल्या, 'गोवऱ्या' चालू आहेत.