मताधिकाराची सनद

चर्च स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली रॉबर्ट हाईनलाईन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही 1959 सालची कादंबरी, जिच्यात कीटकसदृश शत्रूशी अंतराळात लढणाऱ्या फौजेच्या कथेआडून, स्वेच्छेने राष्ट्रसेवा बजावणाऱ्यासच मताधिकाराची सनद मिळावी असा पक्ष मांडला आहे, तिच्यावरून काल आमच्या बेंगळुरूतल्या घरी रात्री उशिरापर्यंत वाद रंगला. निवृत्त सुभेदारसाहेबांना कवायतीची प्रकरणे इतकी अस्सल वाटली की समासात त्यांनी पेन्सिलीने ठळक रेघा ओढल्या आहेत. त्याच रेघांशेजारी त्यांच्या पुतणीने प्रश्नचिन्हे मांडली आहेत, कारण ज्या राज्यात मत मिळवण्यासाठी आधी हुकुमाची तामिली करावी लागते, तेथे हुकुमास हरकत कोण घेणार, ही तिची शंका. सेवेत असेपर्यंत त्या शिपायासही मत नसते, हा काकांचा दाखला बिनतोड खरा; तरीही माझे मन पुतणीकडेच झुकते. व्हिएतनामात जखमी झालेल्या जो हाल्डेमन यांच्या 1974 च्या 'द फॉरएव्हर वॉर'मध्ये प्रकाशवेगाजवळच्या प्रवासामुळे शिपाई मोहिमेवरून परततो तेव्हा घरी दशके, पुढे शतके उलटलेली असतात. युद्धाची ही किंमत हाईनलाईन यांच्या हिशेबात मला कोठेच आढळत नाही.