वीस किलो रद्दी, एक द्युमा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आमच्याकडे सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं लागायची. सुबक छपाई, देखणी चित्रं, पक्की बांधणी आणि किंमत अशी की शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांतही एखादं पुस्तक पदरात पडे. रशियातल्या मुलांची काय चंगळ असेल, असं तेव्हा वाटे.

चंगळ कसली! अलेक्झांडर द्युमाची कादंबरी हवी, तर तिथली पोरं शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं ठोठावून जुनी वर्तमानपत्रं मागत फिरायची. देशात कागदाचा तुटवडा. म्हणून १९७४ पासून योजना निघाली होती. २० किलो रद्दी द्या, कूपन घ्या. तेही पुस्तक फुकट मिळण्यासाठी नव्हे, विकत घेण्याच्या परवानगीसाठी! देशाचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांची पुस्तकं मात्र दुकानात विनासायास मिळत.

त्या पिढीतली माणसं आज हळवी होतात ती बहुधा रस्त्यावरच्या सोड्याच्या यंत्रापाशी. १ कोपेकला (कोपेक म्हणजे रूबलचा पैसा) साधा सोडा, ३ कोपेकला सरबत घातलेला. काचेचा ग्लास सगळ्यांत एकच. उलटा दाबून पाण्याच्या फवाऱ्यानं विसळायचा आणि लावायचा तोंडाला. मेट्रोचं तिकीट ५ कोपेक. या स्वस्ताईच्या गप्पांत जीन्सचा भाव कुणी काढत नाही. काळ्या बाजारात परदेशी जीन्सला दीडशे-दोनशे रूबल पडत, म्हणजे बापाचा महिन्याचा पगार गेला.

गाणीही अशीच आडवाटेनं मिळत. विक्तर त्सोइच्या ‘किनो’ या रॉक बँडची गाणी या टेपरेकॉर्डरवरून त्या टेपरेकॉर्डरवर उतरवली जात. चौथ्या-पाचव्या हाती पोचेपर्यंत आवाजापेक्षा खरखर जास्त. मिथुनचं नशीब त्याहून बरं. ‘डिस्को डान्सर’ तिथं सरकारी चित्रपटगृहांत रीतसर लागला आणि ‘जिमी, जिमी’वर अख्खा देश नाचला.

आता मॉस्कोतल्या पोराला त्सोइ काय नि द्युमा काय, दोन्ही फोनवर सापडतात. इन्स्टाग्रामवर मात्र २०२२ च्या मार्चपासून बंदी. ते बघायला व्हीपीएनची पळवाट शोधावी लागते. १९९० च्या ३१ जानेवारीला पुश्किन चौकात ज्या मॅकडोनाल्ड्ससमोर हजारोंची रांग लागली, तिथं बर्गर अजून मिळतो, पण पाटी बदलली.

सोव्हिएत काळी शाळेत वरच्या वर्गांना लष्करी शिक्षणाचा तास असे. कलाश्निकोव्ह खोलायची आणि पुन्हा जोडायची, घड्याळ लावून. पोरांना तो खेळ वाटे. आयांना वाटत नसे. अठरा पूर्ण झाले की सैन्याचं बोलावणं, आणि १९७९ ते १९८९ अफगाणिस्तानात युद्ध चालू. सोव्हिएत काळ संपत आला तसा तो विषयही शाळांतून गेला. २०२४ च्या सप्टेंबरपासून रशियन शाळांत ‘सुरक्षा आणि मातृभूमीचं रक्षण’ हा विषय सुरू झाला आहे. त्यात रायफल आहेच; ड्रोनची भर पडली आहे.