अपेक्षित उत्तराचा रकाना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. दास्तानं ऐकत वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. अमीर हमजाच्या दास्तानात तिलिस्म असतो, इथे तळघराचा भुलभुलैया. फरक एवढाच की दास्तानगो सांगतो आणि लोक ऐकतात. इथे ऐकणाराच कथेतलं पात्र असतो. गोष्ट चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात.

सुट्टीत मी मोहल्ल्यातल्या मुलांसोबत हा खेळ खेळतो. यंदा माझी भाची पहिल्यांदाच मास्टर होणार आहे. "मामू, किती तयारी करू?" हा तिचा प्रश्न.

बीएडला आम्ही पाठ टाचण काढायचो. त्यात शिक्षकाचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर असे रकाने असत. मी तिला म्हटलं, अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा ठेव. तीनच गोष्टी लिही: एक जागा, काहीतरी हवं असलेला एक माणूस आणि एक धोका. शेवट लिहू नकोस, तो खेळणारे आणतील.

वातावरणाला खर्च लागत नाही. ट्यूबलाइट बंद करून एक दिवा ठेवायचा. मोबाइलवर पावसाचा आवाज लावायचा, पण बोलणं ऐकू येईल इतका हळू. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर उर्दूत चिठ्ठी लिहून हातात द्यायची. ती वाचता वाचता मुलं आपोआप गप्प होतात. नव्या जागेचं वर्णन तीन वाक्यांत: काय दिसतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो. मग थांबून विचारायचं, "आता तुम्ही काय करता?"

वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या कपात टाकायच्या. आकडा लहान आला म्हणून गोष्ट अडवायची नाही. कुलूप उघडू द्यावं, पण पहारेकरी जागा व्हावा.

आणि टेबलाच्या मध्यावर फुली मारलेलं एक कार्ड हवंच. जॉन स्टॅवरोपोलस या खेळाडूची ही कल्पना. नको वाटणारा प्रसंग आला की कुणीही त्या कार्डावर बोट ठेवावं. तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

मागच्या वर्षी गोष्टीतल्या गावाला आग लागली तेव्हा एका मुलाने गुपचूप कार्डावर बोट ठेवलं. आपल्या वस्त्यांतल्या काही घरांत आग ही नुसती गोष्ट नसते. मी म्हटलं, "त्या रात्री गावात नदीचं पाणी चढत होतं." खेळ पुढे गेला. थोड्या वेळाने त्याच मुलाने सगळ्या गावाला होडीत बसवून पैलतीरी नेलं. तो मार्ग मला सुचला नव्हता.

भाचीला शेवटी इतकंच सांगितलं: आवाज चढवायला सगळ्यांना येतं. तू समोरच्यांचे चेहरे बघत जा.