पहिल्या तारखेची वाट

देवणीच्या गुरांच्या बाजारात डिझेलचा भाव निघतो, पेंडीचा निघतो; विमानाच्या इंधनाचा निघण्याचे कारण नाही. आमच्या घरात तो 2022 च्या जून महिन्यात शिरला. आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंचा मुलगा तेव्हा हैदराबादच्या विमानतळावर एका कंत्राटदाराकडे सामान चढविण्या-उतरविण्याच्या कामाला होता. वहिनी आमच्याकडेच असतात. दर महिन्याच्या आरंभी येणारे पैसे पंधरा तारीख उलटली तरी आले नाहीत. मग फोन आला, "काका, आईला सांगू नका, पगार झाला नाही. साहेब म्हणतात, तेल महागलं, कंपनीकडून बिल निघत नाही."

साहेब खोटे बोलत होते, असे आम्ही म्हणणार नाही. युक्रेनच्या युद्धाने खनिज तेल भडकले होते. त्याच महिन्यात दिल्लीला विमानाच्या इंधनाचा दर हजार लिटरला 1 लाख 41 हजार रुपयांवर गेला. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात सुमारे 40 टक्के वाटा इंधनाचाच असतो. त्यावर राज्याराज्यांचा निरनिराळा कर, शिवाय विमानांचे भाडे डॉलरमध्ये. तिकीट वाढवावे तर प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे वळतो. हे सारे मान्य. पण तोटा आला की थांबते कोणाचे?

जेट एअरवेजची हकिकत वाचकांना आठवत असेल. 2018 साली तेल महागले, रुपया घसरला. कर्ज तर आधीपासूनच डोईजड होते. 2019 च्या जानेवारीपासून वैमानिकांचे आणि अभियंत्यांचे पगार थकले, तरी विमाने उडतच होती. 5 एप्रिलला इंडियन ऑइलने थकबाकीपायी इंधन रोखले, तेव्हा कुठे धावपळ झाली. तेलवाला उधारी नाकारू शकतो, विमानाचा मालक विमान परत नेऊ शकतो. नोकरदार मात्र न विचारता कंपनीचा सावकार होतो, तोही बिनव्याजी! 17 एप्रिलला, पवित्र सप्ताहातल्या बुधवारी, शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. चार दिवसांवर ईस्टर होता. पुढे 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आम्ही जरा चाचरतो. आमच्याकडेही पेंड महागली म्हणून बैलाची वैरण कोणी तोडीत नाही. सालगड्यालाच "पुढल्या बाजारी बघू" असे सांगितले जाते. आम्हीही ते एकदोनदा सांगितले आहे.

त्या महिन्यात आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून वहिनींना पैसे दिले आणि मुलाने धाडले म्हणून सांगितले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. बहुधा ओळखले असावे. रात्री आम्ही पुतण्याला विचारले, "अरे, पगार नाही, तर रोज कामाला कशाला जातोस?"

तो म्हणाला, "नाही गेलो तर मागचंही बुडेल, काका."